मूत्रसंस्था

रक्तातील टाकाऊ द्रव्ये व जादा पाणी लघवीवाटे बाहेर टाकणारी इंद्रियसंस्था. दोन मूत्रपिंडे, दोन मूत्रवाहिन्या, मूत्राशय व मूत्रमार्ग हे तिचे भाग. मूत्रपिंडे कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला असतात; उजवे यकृतामुळे किंचित खाली. प्रत्येकाची लांबी सु. ११ सेंमी., वजन १२० ते १५० ग्रॅम. एवढ्याशा जोडीकडे हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा येतो.

प्रत्येक मूत्रपिंडात सु. १० लाख वृक्काणू असतात. वृक्काणूच्या तोंडाशी असलेल्या केशिकागुच्छातून दिवसाला सु. १८० लिटर द्रव गाळला जातो. शरीरातील रक्तद्रव मात्र जेमतेम ३ लिटर, म्हणजे तेच पाणी दिवसातून साठएक वेळा गाळले जाते. पुढच्या नलिकेतील पेशी त्यातले पाणी, साखर, मीठ असे ९९ टक्के परत रक्तात ओढून घेतात आणि दीडएक लिटर लघवी उरते. मूत्रपिंडाला सर्रास चाळणी म्हणतात, ते अर्धेच खरे. चाळण्यापेक्षा परत घेण्याचे काम कितीतरी जिकिरीचे आहे. याशिवाय रक्तदाब सांभाळणे, तांबड्या पेशी तयार करण्याचा इशारा अस्थिमज्जेला देणे व ड जीवनसत्त्व कार्यक्षम करणे हीही मूत्रपिंडाचीच कामे.

पाणी कमी पडले की मेंदूतून येणाऱ्या संप्रेरकामुळे नलिका अधिक पाणी राखते व लघवी गडद होते. तरीही टाकाऊ द्रव्ये वाहून न्यायला दिवसाला किमान अर्धा लिटर लघवी व्हावीच लागते. पण तेवढे पाणी सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात तानसा (१८९२), मोडकसागर व भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे आहेत, आणि त्याच तालुक्यातील पाडे एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहतात. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांचे पाणी तर घामातच जाते. लघवी सतत घट्ट राहिली की क्षारांचे खडे धरतात; हाच मुतखडा. आडोसा नाही म्हणून बाया पाणी कमी पितात, लघवी दाबून ठेवतात. मूत्राशयात २०० मिलि.च्या आसपास भरल्यावर जाणीव होते, ४००-५०० मिलि.पर्यंत ते ताणते. स्त्रियांचा मूत्रमार्ग अवघा ४ सेंमी. असल्याने तुंबलेल्या लघवीत जंतूंचे फावते. जळजळ झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणून सब्जा किंवा धन्याचे पाणी दिले जाते. नुसत्या गडद लघवीला ते पुरे पडते. ताप, हुडहुडी व कुशीत दुखणे असेल तर जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचलेले असतात व प्रतिजैविकाला पर्याय नसतो.

पावसाळ्यातील धोका वेगळा. लेप्टोस्पायरा जंतू उंदराच्या मूत्रनलिकांत राहतात, त्याच्या लघवीतून भातखाचरात येतात आणि आवणी करणाऱ्यांच्या पायांच्या भेगांतून शरीरात शिरून पुन्हा मूत्रनलिकाच गाठतात. या रोगात मूत्रपिंड बिघडूनही लघवी पुष्कळ होत राहू शकते, त्यामुळे घरचे निर्धास्त राहतात. रक्त तपासल्याशिवाय हा बिघाड कळत नाही.

भातकापणीत पेंढ्यांखाली घोणस असते. तिच्या विषाने रक्तातील गोठण घटक संपतात. म्हणून कोरड्या काचेच्या नळीत रक्त २० मिनिटे ठेवून गोठते का ते पाहतात. हेच विष नलिकेच्या पेशी मारते व लघवी थांबते. शिरेतून दिलेली प्रतिसर्पविष लस फिरते विष निष्प्रभ करते, झालेली इजा भरून काढत नाही. म्हणूनच भगताकडे गेलेला वेळ मूत्रपिंडाच्या मुळावर येतो. मग डायलिसिस लागते, आणि त्यासाठी मुरबाड-शहापूरच्या दुर्गम पाड्यांवरून शहर गाठावे लागते. सुदैवाने नलिकेच्या पेशी पुन्हा वाढतात. बहुतेकांची लघवी काही आठवड्यांत सुरू होते. मात्र नव्या पेशींना पाणी राखणे लगेच जमत नाही, त्यामुळे काही दिवस कित्येक लिटर लघवी होते व तीतून जाणारे पाणी व क्षार मोजून भरून द्यावे लागतात.