राजमुद्रांकित विटा आणि पृथ्वीचे चुंबकत्व

इतिहासाच्या विद्यार्थ्याला विटेवरील लेख वाचावयास शिकविले जाते. खुद्द वीट वाचावयास सहसा शिकविले जात नाही. मेसोपोटेमियाच्या राजांच्या विटांच्या आधारे या दुसऱ्या वाचनाचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता निरपेक्ष परिमाणात प्रथम गाउसने १८३२ मध्ये मोजली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय नोंदी १८४१ पासून होऊ लागल्या. विजेच्या ट्रामचा मोजमापांना अडथळा होईल म्हणून हे काम पुढे अलिबागला हलविण्यात आले. म्हणजे तीव्रतेची उपकरणांनी केलेली नोंद जेमतेम दोनशे वर्षांची. त्यापूर्वीची साक्ष भाजलेल्या मातीकडेच मागावी लागते.

मातीत लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण असतात. भट्टीचे तापमान एका मर्यादेपलीकडे गेले, मॅग्नेटाइटच्या बाबतीत सुमारे ५८० अंश सेल्सिअस, की त्या कणांचे जुने चुंबकत्व पुसले जाते. वीट निवताना त्या वेळच्या क्षेत्राची दिशा व तीव्रता त्यांत कोरली जाते. ही तीव्रता वाचण्याची पद्धत एमिल व ओडेट तेलिए या फ्रेंच दांपत्याने १९५९ मध्ये सविस्तर मांडली. नमुना टप्प्याटप्प्याने तापवून मूळचे चुंबकत्व किती गेले, आणि ज्ञात क्षेत्रात थंड करताना नवे किती आले, याचे गुणोत्तर काढतात. त्याला प्रयोगशाळेतील क्षेत्राच्या तीव्रतेने गुणले की प्राचीन तीव्रता मिळते. तापविताना खनिजच बदलले तर उत्तर चुकते. म्हणून असे नमुने चाचण्यांनी वगळले जातात.

जागेवरून हलविलेल्या विटेची दिशेची साक्ष निरुपयोगी ठरते. तीव्रतेची साक्ष मात्र टिकते. म्हणूनच संग्रहालयातील विटाही उपयोगी पडतात. इराकी कुर्दिस्तानातील सुलेमानिया येथील संग्रहालयातील ३२ विटांचा अभ्यास मॅथ्यू हाऊलंड, लिसा टॉक्स, मार्क अल्टावील आदींनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. या विटांवर १२ राजांची नावे आहेत. इ.स.पू. सुमारे १०५० ते ५५० या काळात पश्चिम आशियात क्षेत्र असाधारण प्रबळ होते, या मताला त्यांनी दुजोरा दिला. अरबी इतिहासग्रंथांत बुख्तनस्सर म्हणून येणारा बाबिलोनचा दुसरा नेबुकाडनेझर (इ.स.पू. ६०४ ते ५६२) याच्या पाच विटांवरून त्या एकाच राजवटीत क्षेत्र झपाट्याने बदलल्याचे दिसते.

इतिहासकाराच्या दृष्टीने खरा प्रश्न कालगणनेचा आहे. हम्मुराबीची कारकीर्द 'मध्यम' कालगणनेनुसार इ.स.पू. १७९२ ते १७५०, तर 'निम्न' कालगणनेनुसार १७२८ ते १६८६. फरक ६४ वर्षांचा. या अभ्यासाचे निष्कर्ष निम्न कालगणनेशी अधिक जुळतात. तथापि येथे सावधगिरी हवी. राजाचे वर्ष गृहीत धरून आलेख आखायचा आणि त्याच आलेखावरून राजाचे वर्ष सिद्ध करायचे, हा वर्तुळाकार युक्तिवाद होईल. म्हणून कार्बन-१४ सारख्या स्वतंत्र पद्धतीने काळ ठरलेल्या, त्याच प्रदेशातील नमुन्यांशी ताळा पाहणे अपरिहार्य आहे. विटांनी वाद मिटविला असे नव्हे. एक नवा साक्षीदार उभा केला, एवढेच म्हणता येईल.

या साक्षीदाराचे बळ विटेवरील नावात आहे. नाव नसलेली वीट किंवा साधे खापर तीव्रता सांगते, वर्ष सांगत नाही. त्याचे वर्ष ते ज्या थरात सापडले त्यावरून ठरते. २००३ नंतर इराकमधील अनेक प्राचीन स्थळांची लूट झाली. लुटारूंनी मुद्रांकित वस्तू उचलल्या आणि थर उकरून टाकले. गेलेली वस्तू कधी परत मिळू शकते. मोडलेला थर मिळत नाही. उत्खननाचा पाठ शिकविताना आपण वर्गात हा मुद्दा आवर्जून मांडावा, आणि त्या दिवशी भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यालाही सोबत घ्यावे.