पाच वाक्यांचे पत्र : एका अवतरणाचा इतिहास

वैद्यकीय संशोधनातील दोषांचा विचार करताना बनावट आकडे, दडवलेले निष्कर्ष किंवा कल्पित रुग्ण यांकडेच प्रथम लक्ष जाते. परंतु आकडे खरे, मांडणी प्रामाणिक आणि तरीही परिणाम अनर्थकारी, असाही एक दोषप्रकार आहे. त्याचे स्थान प्रयोगशाळेत नसून वाचनव्यवहारात असते. १९८० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पत्राचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. संहिता, अवतरण आणि ग्रहण यांच्या अभ्यासकांना त्यातील प्रक्रिया परिचित वाटेल; तिची किंमत मात्र येथे माणसांच्या जिवांनी चुकवली गेली.

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या १० जानेवारी १९८० च्या अंकात, पत्रव्यवहाराच्या सदरात, जेन पोर्टर आणि हर्शल जिक यांचे हे पत्र छापले गेले. रुग्णालयात दाखल झालेल्यांना कोणती औषधे दिली जातात व त्यांचे काय परिणाम दिसतात, याच्या नोंदी ठेवणाऱ्या बॉस्टन येथील एका प्रकल्पाशी हे दोघे संबंधित होते. पत्रात वाक्ये अवघी पाच. नोंदी ठेवलेल्या ३९,९४६ रुग्णांपैकी ११,८८२ जणांना किमान एकदा अफूवर्गीय औषध दिले गेले. पूर्वी व्यसन नसलेल्यांपैकी केवळ चौघांत व्यसनाधीनता पुरेशा विश्वसनीयपणे आढळली आणि त्यांपैकी एकच प्रसंग गंभीर मानला गेला. रुग्णालयात ही औषधे सर्रास वापरली जात असली तरी व्यसन जडणे विरळ असते, एवढाच पत्राचा निष्कर्ष.

औषध किती दिवस व किती मात्रेत दिले, व्यसनाधीनता कोणत्या निकषाने ठरवली, घरी परतल्यावर त्या रुग्णांचे काय झाले, हे पत्रात नाही. पाच वाक्यांच्या टिपणाकडून तशी अपेक्षाही नव्हती. मात्र या अपूर्णांकाचा अर्थ त्याच्या छेदावर अवलंबून होता. छेदस्थानी असलेले ११,८८२ जण रुग्णालयाच्या देखरेखीखालील होते आणि एकच मात्रा मिळालेला रुग्णही त्यांत मोजला गेला होता. महिनोन्‌महिने घरी गोळ्या घेणाऱ्या पाठदुखीच्या रुग्णाविषयी हा आकडा काहीच सांगत नव्हता.

पत्राचे पुढे काय झाले, हे समजण्यासाठी त्या दशकाची मनोभूमिका ध्यानात घ्यावी लागते. कर्करोगाच्या रुग्णांना व्यसनाच्या भयापोटी पुरेसे वेदनाशामक दिले जात नाही, ही तक्रार रास्त होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगजन्य वेदनांच्या उपचाराची पायरीवार पद्धत मांडली ती याच पार्श्वभूमीवर. त्याच वर्षी रसेल पोर्टेनॉय आणि कॅथलीन फोली यांनी कर्करोग नसलेल्या ३८ रुग्णांच्या आधारे दीर्घकालीन अफूवर्गीय उपचार सुरक्षित ठरू शकतो, असे प्रतिपादन केले. करुणेतून सुरू झालेल्या या चळवळीला आधारवचनाची गरज होती आणि ते पोर्टर-जिक पत्रात सापडले.

यानंतर पत्राचा दर्जा वाचनागणिक चढत गेला. १९९० मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील लेखात त्याचा उल्लेख विस्तृत अभ्यास म्हणून झाला; २००१ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याला मैलाचा दगड ठरवले. पत्राचे टिपण झाले, टिपणाचा अभ्यास झाला, अभ्यासाचा सिद्धान्त झाला. मूळ संहितेत मात्र एका अक्षराचीही भर पडली नव्हती. डिसेंबर १९९५ मध्ये ‘ऑक्सिकॉन्टिन’ या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. पर्ड्यू फार्मा या कंपनीने आपल्या विक्रीप्रतिनिधींना व्यसनाचा धोका एक टक्क्याहून कमी असल्याचे सांगण्यास शिकवले. मूळ पत्रात टक्केवारी कोठेही नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

२०१७ मध्ये टोरांटो येथील संशोधकांनी या पत्राच्या अवतरणांची मोजदाद केली. एकूण ६०८ लेखांत त्याचा आधार घेतलेला आढळला. त्यांपैकी ४३९ लेखांनी व्यसन विरळ असल्याचा पुरावा म्हणून ते वापरले होते आणि ४९१ लेखांनी ते रुग्ण रुग्णालयात दाखल झालेले होते, हे सांगितलेच नव्हते.

हा दुसरा आकडा पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला विशेष बोलका वाटेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. अशा कामात पोथ्यांचे कुळ ठरवण्याचे एक साधन म्हणजे त्यांतील समान चुका: अनेक पोथ्यांत एकच गाळ आढळली, तर त्या स्वतंत्रपणे मुळाशी गेलेल्या नसून एकाच पूर्वज पोथीवरून उतरल्या असाव्यात, असे अनुमान निघते. ४९१ लेखांतील समान गाळ याच प्रकारची आहे. पुष्कळांनी मूळ पत्र न पाहता दुसऱ्याच्या संदर्भसूचीवरून ते उतरवले असावे, असे मानण्यास जागा आहे. फरक इतकाच की नकलकाराच्या हातून गळलेली ओळ अर्थ धूसर करते. येथे गळलेल्या शब्दाने अर्थ उलटा केला.

दोषाची वाटणी करताना तारतम्य ठेवले पाहिजे. २००७ मध्ये पर्ड्यूशी संलग्न कंपनीने आणि तिच्या तीन अधिकाऱ्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. औषध कमी व्यसनकारक असल्याचा दिशाभूल करणारा प्रचार कंपनीने केला होता. हा उघड गैरव्यवहार. परंतु ६०८ लेखकांतील बहुतेकांचा त्याच्याशी संबंध नसावा. त्यांनी केले ते विद्वत्तेच्या जगात रोज घडणारे: ऐकीव संदर्भ दिला. १९९९ ते २०२१ या काळात अमेरिकेत अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने सुमारे ६,४५,००० माणसे मरण पावली. हेरॉइन आणि फेन्टानिल यांचा त्यात मोठा वाटा असल्याने सारा भार एका पत्रावर टाकणे अनैतिहासिक ठरेल. पण वैद्यकाची सावधगिरी सैल करण्यात या पत्राचा वाटा होता, हे नाकारता येत नाही.

२०१७ मध्ये नियतकालिकाने मूळ पत्राला संपादकीय टीप जोडली: हे पत्र व्यसन विरळ असल्याचा पुरावा म्हणून फार वेळा आणि चिकित्सेविना उद्धृत झाले आहे, याची वाचकांनी जाणीव ठेवावी. पत्र मात्र मागे घेतले गेले नाही. त्यात मागे घेण्यासारखे असत्य नव्हतेच. ज्या वाचनाने अनर्थ केला, ते वाचन मागे घेण्याची सोय कोणत्याही नियतकालिकापाशी नसते.