गोधडी, चौकोनजोडीची (रायगड किनारा)

गोधडी : जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक पसरून ते हाताच्या धावदोऱ्याने आरपार शिवले की होणारे अंथरूण-पांघरूण. महाराष्ट्रभर रूढ. कोल्हापूर-सांगलीकडे तिला वाकळ म्हणतात, उत्तर कर्नाटकात कौदी. प्रस्तुत नोंद रायगडच्या किनारपट्टीतल्या, म्हणजे उरणपासून सावित्रीच्या मुखापर्यंतच्या, लहान गोधडीविषयी आहे. त्यातही चौकोनी तुकडे आधी एकमेकांना जोडून मग थरांवर भरलेल्या बाळगोधडीविषयी.

किनाऱ्यावरची गोधडी पातळ असावी लागते. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. घाटावरची सहा-आठ थरांची वाकळ इथे आषाढात एकदा ओली झाली की नारळी पौर्णिमेपर्यंत वाळत नाही. आतून कुबट होते, मग बुरशी धरते. थंडीही इथे बेताचीच, म्हणून तीन-चार थर पुरतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड आणि अलिबाग तालुक्यांत घरांची छपरे उडवली आणि पाठोपाठ पावसाळा सुरू झाला. भिजलेले अंथरूण उन्हात टाकण्याची सोय नसली की जाड आणि पातळ पांघरुणातला फरक किती मोठा असतो, ते अशा वेळी कळते. शिवणकामही याच हिशेबाने उन्हाळ्यात उरकतात, पापड-कुरडयांच्या वाळवणाच्या दिवसांत. दमट हवेत शिवून बंद केलेली गोधडी आतला ओलावा धरून ठेवते.

कापड. गोधडीचा खरा जीव जुन्या सुती कापडात आहे. आगरी आणि कोळी बायकांचे नऊवारी लुगडे हा इथला मुख्य कच्चा माल. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, आणि वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले. ते आटायचे तेवढे आधीच आटलेले असते. ही बाब महत्त्वाची आहे : नवे कोरे कापड जुन्याबरोबर शिवले तर पहिल्याच धुण्यात नवे आटते, जुने तसेच राहते आणि गोधडीला कायमच्या चुण्या पडतात. नवे वापरायचेच असेल तर आधी रात्रभर पाण्यात भिजत घालून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे.

हा किनारा कापडाला परका नाही. चौल बंदराचा उल्लेख ग्रीक नाविकांच्या ‘पेरिप्लस’मध्ये सेमुल्ल या नावाने आहे, आणि पोर्तुगीज काळात तिथल्या विणकरांचे रेशमी व सुती कापड परदेशी प्रवाशांच्या वर्णनांत येते. तेव्हाच्या घरगुती गोधड्या मात्र आज पाहायला मिळत नाहीत. त्या वापरून संपवण्यासाठीच केलेल्या असत. पुढे गिरणगावात कामाला गेलेल्या माणसांच्या घरी मांजरपाट, मलमल, कटपीस येऊ लागले आणि अस्तराला घट्ट विणीचे कापड मिळाले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. याच सुमारास घराघरांत नायलॉन आणि टेरिकॉट वाढत होते. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणाऱ्या बायकाही दारोदार फिरत होत्याच. कितीतरी चांगली लुगडी त्या बोचक्यांतून गेली.

कृत्रिम धाग्याच्या साडीची गोधडी दिसायला भडक आणि वापरायला वाईट. ती घाम शोषत नाही, सुईखाली सरकते आणि टाक्यापाशी उसवते. तान्ह्या मुलासाठी ती वापरूच नये. संशय आला तर कापडातून एक धागा ओढून चिमट्यात धरावा आणि त्याला काडी लावून पाहावी. सुती धागा कागदासारखा जळून त्याची राख होते, कृत्रिम धागा वितळून टोकाला टणक गोळी धरतो.

ठिगळ आणि जोड. या दोन पद्धती वेगळ्या आहेत. जुनी पद्धत ठिगळाची : थर पसरायचे, वर जिथे कापड विरले असेल किंवा जिथे रंग हवासा वाटेल तिथे तुकडा ठेवायचा, त्याच्या कडा आत दुमडायच्या आणि ज्या धावदोऱ्याने थर शिवले जातात त्याच दोऱ्याने ठिगळही बसवायचे. इथे मोजमाप लागत नाही, डोळा लागतो. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायकांच्या कवंदीत हीच रीत अतिशय धीट रंगसंगतीने दिसते. जोडाच्या पद्धतीत तुकडे मापाने कापून आधी कडेला कडा लावून शिवतात, त्यांचा एक सलग पृष्ठभाग करतात आणि मग तो थरांवर अंथरतात. घरात शिलाई मशीन असले आणि शिंप्याकडची कातरणे मिळाली की ही पद्धत सोपी जाते. अमेरिकेतल्या घरगुती गोधड्यांचा पाया हीच जोडाची रीत आहे. अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून अशा गोधड्या केल्या आणि २००२ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या.

तुकड्यांचे वस्त्र या किनाऱ्यावर त्याहूनही जुने असले पाहिजे. राजपुरी खाडीजवळच्या कुडे लेण्यांत बौद्ध भिक्षू राहत, आणि भिक्षूंची चीवरे कापलेले तुकडे जोडून शिवावीत असा विनयाचा नियम आहे. त्या जोडणीचा नमुना मगधातल्या भाताच्या खाचरांवरून घेतला असे परंपरा सांगते. गोधडी तिथून आली असे मात्र म्हणता येत नाही.

माप आणि कापणी. बाळगोधडीला ९० बाय १२० सेंटिमीटर हे माप सोयीचे. तान्ह्याला गुंडाळता येते, पुढे तीन-चार वर्षांपर्यंत दुपारच्या झोपेला पुरते आणि बादलीत धुता येते. सगळ्यात सरळ रचना नऊचौकडीची : नऊ लहान चौकोन तीन-तीनच्या ओळीत जोडून एक मोठा चौकोन करायचा. चार कोपरे आणि मध्य मिळून पाच गडद, उरलेले चार फिके. असे सहा आणि त्याच मापाचे सहा सलग चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून तीन बाय चारमध्ये मांडले की गोधडीची वरची बाजू तयार.

तयार लहान चौकोन १० सेंटिमीटरचा हवा. शिवणीसाठी चारही बाजूंनी पाऊण सेंटिमीटर धरून तो साडेअकरा सेंटिमीटरचा कापावा. म्हणजे ३० गडद आणि २४ फिके चौकोन लागतात. एका ८० सेंटिमीटरच्या ब्लाउजपीसमधून ३० चौकोन आरामात निघतात, पण पाच-सहा निरनिराळ्या खणांचे घेतले तर गोधडी जास्त बोलकी होते. जाड पुठ्ठ्याचा साचा करून त्याच्या कडेने पेन्सिल फिरवावी आणि साच्याची कड कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याशी जुळवावी. तिरका कापलेला चौकोन ताणला जातो आणि शेजारच्यालाही ओढतो.

सलग चौकोनांची घाई करू नये. नऊचौकडीत आडव्या-उभ्या दोन-दोन शिवणी असतात. प्रत्येक शिवण दोन मिलिमीटर जरी जास्त आत गेली तरी कापडाच्या दोन्ही पदरांतून मिळून चौकडी आठेक मिलिमीटरने लहान होते. हिशेबाने सलग चौकोन साडेएकतीस सेंटिमीटरचा हवा, पण आधी सहाही चौकड्या शिवून इस्त्री करून मोजाव्यात आणि प्रत्यक्ष जे माप येईल त्यावर सलग चौकोन कापावेत. नवशिक्याची वरची बाजू सपाट बसण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही.

जोडताना आधी तीन-तीनच्या पट्ट्या शिवाव्यात आणि शिवणीची दुमड गडद कापडाकडे दाबावी. फिक्या कापडातून ती दिसत नाही. शिवाय शेजारच्या पट्ट्यांतल्या दुमडी त्यामुळे आपोआप उलट दिशांना वळतात, दोन पट्ट्या जोडताना एकमेकींत अडकतात आणि चार कोपरे एका टोकावर मिळतात. हे काम मशीनवर झाले तरी बिघडत नाही. पुढचे हाताने करावे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे : मशीनची टीप थरांना पत्र्यासारखी घट्ट दाबते, हातच्या धावदोऱ्यात कापड हलते राहते आणि पांघरूण अंगाला लागते.

एका लुगड्याचा हिशेब. नऊवारी लुगडे कासोट्याच्या भागात आणि घोट्याशी आधी विरते. पदराकडचे आणि निऱ्यांचे कापड बरेचदा मजबूत असते. काठ सोडून त्याचा पन्हा एक मीटरच्या आसपास भरतो. त्या पन्ह्यात सलग चौकोन तीन बसतात, म्हणजे सहा चौकोनांना ६३ सेंटिमीटर लांबी पुरे. अस्तराला १३० सेंटिमीटर. मधल्या दोन थरांना २६०. एकूण साडेचार मीटर कापड गेले, आणि बाजूचा काठ अजून अख्खा आहे. गोधडीचा घेर ४२० सेंटिमीटर. कोपऱ्यांच्या दुमडीसकट साडेचार मीटरची किनार एका काठातून निघते. लहान चौकोनांखेरीज सगळी गोधडी अशी एका लुगड्यात होते. फक्त वाटणी नीट करावी : मजबूत कापड अस्तराला आणि वर, विरलेले मध्ये. आजीचे लुगडे नातवंडाच्या अंगावर घालण्याची हौस बाळंतविड्यात असते ती अशी पुरी होते. टोपडे, झबले आणि दुपट्यांबरोबर अशी एक गोधडी माहेरून येते.

थर लावणे आणि भरणे. पडवीत किंवा ओटीवर जमीन पुसून अस्तर उलटे पसरावे, सगळीकडून सारखे ताणून कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा, पितळी डबा असे काही जड ठेवावे. त्यावर मधले थर, वर जोडलेली बाजू. प्रत्येक थर तळहाताने मध्यापासून कडेकडे निपटत न्यावा. मग मोठमोठ्या कच्च्या टाक्यांनी उभे-आडवे टाचून घ्यावे, दोन ओळींत वीतभर अंतर ठेवून. टाचण टाळणारीची गोधडी शेवटी एका कोपऱ्यात फुगतेच.

सुई लांब आणि मोठ्या नेढ्याची घ्यावी. दाभण नको, तिने जुन्या कापडाला भोक पडते. दोरा सुती. तो वावभर घेऊन दुहेरी करावा, त्याहून लांब घेतला तर गुंता होतो आणि कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन दोरा झिजतो. मेणावरून एकदा ओढला तर सळसळत जातो. गोधडी चौकटीवर ताणत नाहीत. शिवणारी तिच्यावरच बसते आणि तिच्या वजनाने थर जागचे हलत नाहीत. डावा हात खाली, उजव्याने सुई आत घालून चार-पाच टाके एकदम सुईवर भरायचे आणि मग दोरा ओढायचा. टाका अर्धा सेंटिमीटरच्या आसपास, दोन ओळींत तीन सेंटिमीटर अंतर. ९० सेंटिमीटर रुंदीत साधारण ३० ओळी होतात, प्रत्येक १२० सेंटिमीटरची : एकूण ३६ मीटर धावदोरा. दुहेरी दोऱ्याने १०० मीटरचे एक रीळ त्याला पुरते.

ओळींची दिशा दोन प्रकारची. काही जणी एका कडेपासून सरळ रेघा मारत जातात. काही जणी कडेने चौफेर फेरा घेत मध्यावर येतात. दुसऱ्या रीतीने टाक्यांचे एकात एक चौकोन उमटतात आणि ते नऊचौकडीवर फार देखणे दिसतात. फक्त कडेकडून आत येताना कापडाचा जास्तीचा झोल मध्यात गोळा होतो, तेव्हा टाचण दाट हवे. शेवटी कडा सारख्या कापून काठाची पट्टी दोन्ही बाजूंना दुमडून हेमाच्या टाक्याने बसवावी.

धुणे आणि राखणे. नवरात्राआधी घराबरोबर गोधड्या धुण्याची रीत राज्यभर आहे. किनाऱ्यावर तेव्हा पाऊस ओसरत असतो, म्हणून बरेच जण घटस्थापनेआधी चार दिवस कडक ऊन पडण्याची वाट पाहतात. गोधडी नेहमी गोड्या पाण्यात धुवावी. मचूळ विहिरीच्या पाण्यातले मीठ धाग्यात राहते, हवेतला ओलावा ओढून घेते आणि गोधडी वाळल्यासारखी वाटली तरी दमटच राहते. समुद्राकाठच्या घरांना हा त्रास चांगला ठाऊक आहे. पिळू नये, दाबून पाणी काढावे आणि एका दोरीवर न टाकता दोन दोऱ्यांवर पसरावी, म्हणजे मधून वारा खेळतो. पावसाळ्यात ठेवायची असेल तर पुरती वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून, सुती कापडात बांधावी. प्लास्टिकच्या पिशवीत ती घुसमटते.

वरचे कापड विरले तर गोधडी टाकून देत नाहीत. विरलेल्या चौकोनावर नवे ठिगळ येते, काही वर्षांनी पूर्ण नवी बाजू चढते आणि अगदीच झिजली की ती नव्या गोधडीचा मधला थर होते. त्यामुळे घरातली जुनी गोधडी उसवून पाहिली तर आत दुसरी गोधडी निघू शकते.

बाजारातल्या गोधड्या. बचत गटांच्या प्रदर्शनांत आणि पर्यटकांच्या गावांतल्या दुकानांत आता लहान गोधड्या विकायला असतात. त्यांच्या शेजारीच चौकोनांची नक्षी छापलेल्या चादरीही गोधडी म्हणून ठेवलेल्या दिसतात. विकत घेताना गोधडी उलटी करून पाहावी : हाताचा धावदोरा दोन्ही बाजूंना जवळपास सारखा उमटतो, टाक्यांत थोडे कमीजास्त असते आणि जोडकामाच्या शिवणी बोटाला लागतात. अस्तर कृत्रिम धाग्याचे नाही ना, हे कडेच्या सुट्या धाग्यावरून पाहून घ्यावे. आणि किंमत ठरवताना त्या ३६ मीटर टाक्यांचे मोल धरावे. हाताच्या कामाची गोधडी छापील चादरीच्या भावात मागणे अन्यायाचे आहे.