झिऱ्याचे पाणी आणि हक्काचा कागद

व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे 'इतिहास' हा विषय छापलेला पाहून आमचे संघटनेतले सोबती हसले. इतिहास म्हटला की किल्ले, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढे येतात. आमचे आयुष्य तर बिडी कामगारांच्या वर्गणीच्या पावत्या फाडण्यात गेले. परंतु आजचा विषय आम्हांला त्या पावत्यांच्याच वाटेवर भेटला. वैशाखात एका गावाहून दुसऱ्या गावी सायकलने जावे, जवळचे पाणी संपावे, आणि रस्त्याच्या कडेला कोरड्या नाल्यात एखादी बाई वाटीने घागर भरताना दिसावी, असे किती वेळा झाले असेल! ते पाणी आम्ही मागून प्यायलो आहोत. ते पाणी कोणाचे, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही.

शहरात नळ सोडून पाणी घेणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. नाल्याची वाळू हात-दीड हात उकरली की खळग्यात पाणी झिरपते. पहिले गढूळ पाणी उपसून टाकायचे, थांबायचे, मग निवळीवर वाटी हलकेच टेकवायची. हा झिरा. डोंगराच्या झऱ्याची रीत निराळी. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून मुरत जाते; खाली न मुरणारा थर लागला की आडवे वळते आणि उतारावर वाट सापडेल तिथून बाहेर पडते. आपल्या जिल्ह्यातील नागझिऱ्याचे नाव अशाच पाण्यावरून पडले आहे. तेथे पोंगेझरा येथे टेकडीतून बारमाही पाणी येते, आणि जवळच महादेवाचे व नागाचे ठाणे आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या पुस्तकामुळे नागझिरा हे नाव पुण्या-मुंबईच्या घराघरांत गेले. त्यातला 'झिरा' मात्र वाचकांच्या लक्षात आला की नाही, कोण जाणे.

गोंदिया हा तलावांचा जिल्हा, असे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरेही आहे. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. कोहळ्यांच्या हातची ही विद्या मोठी होती, यात शंका नाही. परंतु तलावाला बांधणारा असतो, त्याचे नाव राहते, मालकी येते, म्हणून कागदही होतो. मालगुजारीच्या काळी गावच्या रूढी 'वाजिब-उल-अर्ज' या दप्तरात उतरल्या. पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली तेव्हा तलाव सरकारजमा झाले, तरी गावकऱ्यांचा निस्तार, म्हणजे पाणी, चराई, सरपण यांचा वहिवाटीचा उपभोग, हा शब्द दप्तरात टिकून राहिला. झिऱ्याला बांधणारा कोणी नाही. दरसाल पुराने तो बुजतो आणि दरसाल बायका तो उकरतात. अशा पाण्याची नोंद कोणता तलाठी करणार?

जंगलात तर कागदाची गरज आणखी कठोर झाली. १८७८ च्या वनकायद्यात, आणि पुढे १९२७ च्या कायद्यातही, जंगल राखीव करण्यापूर्वी जाहीरनामा काढून दावे मागवण्याची तरतूद होती. त्याची मुदत किमान तीन महिने. त्या मुदतीत न मांडलेला हक्क, पुढे सबळ कारण दाखवता आले नाही तर, संपला असे समजावे. १९२७ च्या कायद्याचे पंचविसावे कलम आम्ही रात्री कंदिलापाशी बसून, शब्दकोश घेऊन, वाचले होते. राखीव जंगलातील वाट किंवा पाण्याचा प्रवाह वनाधिकाऱ्याने सरकारच्या मंजुरीने बंद करावा. मात्र सोयीची दुसरी वाट किंवा दुसरे पाणी असले पाहिजे, नाहीतर द्यावे. सोयीची कोणाला, हे ठरवताना डोक्यावर घागर घेतलेली बाई समोर नसते.

महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी ओंजळ भरली, आणि उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. ते तळे सार्वजनिक आहे असा नगरपालिकेचा ठराव हाती असूनही दहा वर्षे! ज्यांच्या हाती ठरावही नाही त्यांनी काय करावे?

नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, १९७२ च्या कायद्याने आत जाण्यास परवानगी लागू लागली, आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. आम्ही वाघाचे वैरी नाही. मे महिन्यात वाघालाही तहान लागते, गव्यालाही लागते. पण त्याच महिन्यात भोवतालच्या रानात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पहाटे अंधारात निघालेली माणसे पाने तोडून, घरी पुडे बांधून, उन्हात फळीवर पोचवतात. पान तोडणाऱ्याचे पाणी आणि जनावराचे पाणी बहुधा एकाच नाल्यात असते. बिडी वळणाऱ्यांसाठी १९६६ च्या कायद्यात पिण्याच्या पाण्याची तरतूद झाली, तीही कारखान्याच्या आवारापुरती. पान रानात तोडले जाते तेथवर ती पोचली नाही. आम्ही संघटनावाल्यांनी मजुरीच्या दरासाठी जेवढा घसा कोरडा केला तेवढा या पाण्यासाठी केला नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने 'निस्तार' हा जुना शब्द पुन्हा उचलला. त्याच्या नियमांत सामूहिक हक्काच्या पुराव्यांमध्ये माणसांच्या व गुरांच्या पाण्याच्या जागा स्पष्ट धरल्या आहेत, आणि वडीलधाऱ्यांचे तोंडी सांगणे लिहून घेतले तर तेही पुरावा होते. अशाच एका दाव्यासाठी एका गावात लिहायला बसलो होतो. पुरुषांनी शीव, देवस्थान, चराई सांगितली. झिऱ्याचे नाव कोणी काढेना. शेवटी मागे बसलेली एक आजी उठली आणि म्हणाली, "बाबू, पाण्याचं आमाले इचार." मग कोणत्या मोहाखाली, कोणत्या काळ्या दगडापासून किती पावलांवर, होळीनंतर कुठे उकरायचे आणि मृगापर्यंत कुठे सरकायचे, हे तिने सांगितले. तिच्या सासूने दाखवलेल्या चार जागा होत्या. आम्ही चारही लिहून घेतल्या, आणि खाली तिचा अंगठा घेतला.