जीवकाच्या हातात सुई कोणी दिली?



लेखाची सुरुवात एका कबुलीने करावी लागते आहे. आपल्याच विहाराच्या मागच्या एका स्मरणिकेत आम्ही 'बौद्ध संस्कृतीची जगाला देणगी' या मथळ्याखाली चार पाने लिहिली होती. त्यात एक वाक्य ठोकून दिले होते की, ॲक्युपंक्चर म्हणजे सुया टोचून रोग बरा करण्याची विद्या ही मूळची भगवान बुद्धांचे वैद्य जीवक यांची असून ती भिक्खूंनी चीनमध्ये नेली. लोकांना ते फार आवडले. दोन-तीन भाषणांतूनही ते पुढे गेले. टाळ्याही पडल्या. पण परिचारिकेचे शिक्षण घेणारी आपल्या वस्तीतली एक मुलगी एका रविवारी वंदनेनंतर आली आणि सरळ विचारती झाली, "काका, हे त्रिपिटकात कुठं आहे?"

आम्ही म्हटले, बघून सांगतो. बघायला बसलो आणि गोत्यात आलो.

जीवकाची हकिकत विनयपिटकाच्या महावग्गात, चीवराच्या प्रकरणात येते. राजगृहाची गणिका सालवती हिचा हा मुलगा. जन्मताच सुपात घालून उकिरड्यावर टाकलेला. राजपुत्र अभयाने पाहिले, चौकशी केली, पोर जिवंत आहे म्हणून कळले, तेव्हा त्याने त्याला वाढवले. मोठेपणी जीवक कोणाला न सांगता तक्षशिलेला गेला, सात वर्षे शिकला. गुरूने परीक्षा म्हणून सांगितले, एक योजनाच्या परिसरात औषधी नाही अशी वनस्पती घेऊन ये. हा रिकाम्या हाताने परत आला. म्हणाला, अशी एकही सापडली नाही. पुढे त्याने राजगृहाच्या श्रेष्ठीचे डोके उघडून शस्त्रक्रिया केली, वाराणसीच्या श्रेष्ठिपुत्राच्या आतड्याची गाठ सोडवली, बिंबिसाराचे भगंदर लेप लावून बरे केले, उज्जैनीच्या चंडप्रद्योताला तूप पाजून कावीळ घालवली. तथागतांना सौम्य रेच दिला, तोही औषधाने भारलेली कमळे हुंगायला देऊन. बाबासाहेबांनीही 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात जीवकाच्या धम्मप्रवेशाला वेगळी जागा दिली आहे. एवढे सगळे आहे. शस्त्र आहे, लेप आहे, तूप आहे. रोगावर टोचायची सुई मात्र कुठेच नाही.

मग ही सुई आली कुठून? ती आम्हाला सापडली चिनी भाषेतल्या सूत्रात! जीवकाची कथा चीनमध्ये गेली तेव्हा तिचे जे भाषांतर झाले, ते दुसऱ्या शतकातल्या आन शी-काओ या भिक्खूच्या नावावर आहे (अभ्यासक मात्र ते नंतरचे मानतात). त्यात जीवक हा आम्रपालीचा मुलगा होतो आणि जन्माला येतानाच त्याच्या हातात सुयांची आणि औषधांची पिशवी असते. आता बघा, आपल्याकडचे पोर उकिरड्यावर पडलेले आणि तिकडचे पोर सुया हातात घेऊन आलेले. चिनी श्रोत्याला वैद्य म्हटला की सुया हव्यातच. भाषांतरकाराने त्या दिल्या. म्हणजे जीवकाने चीनला सुई दिली नाही, चीननेच जीवकाच्या हातात सुई दिली. आम्ही नेमके उलटे छापले होते.

चीनमधली सुई बुद्धधम्म तिकडे पोहोचण्याआधीची आहे, याला पुरावे आहेत. धम्म चीनमध्ये रुजू लागला तो इसवी सनाच्या पहिल्या शतकात. हपै प्रांतात मानचंग येथे लिऊ शंग या राजपुत्राची कबर १९६८ मध्ये उघडली. हा मेला इ.स.पू. ११३ मध्ये. तिथे सोन्याच्या आणि चांदीच्या सुया मिळाल्या, त्या वैद्यकीय असाव्यात असे मानतात. सीमा चिएन या जुन्या इतिहासकाराने छुन-यू यी नावाच्या वैद्याच्या रोग्यांच्या हकिकती नोंदवल्या आहेत, त्यांतही सुई आणि शेक येतो. 'ह्वांग-ती नेइ-चिंग' हा मूळ ग्रंथही याच सुमारास आकाराला आला. उलट मावांगतुइ येथे इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेल्या आणि १९७३ मध्ये उत्खनन झालेल्या कबरीतल्या रेशमी पोथ्यांत शरीरातल्या वाहिन्यांचे वर्णन आहे, त्यांवर शेक द्यायला सांगितला आहे, पण सुई नाही. यावरून असे दिसते की, सुईचे शास्त्र त्याच शतकाच्या आसपास हळूहळू बसत गेले. पुढे तिसऱ्या शतकात ह्वांगफू मी याने शरीरावरचे ३४९ बिंदू पद्धतशीर लावून दिले.

या विद्येचे चिनी नावच 'चेन-च्यू', म्हणजे सुई आणि शेक. शेक द्यायचा तो वाळवलेल्या एका पाल्याच्या लोकराने. हा पाला आपल्या दवण्याच्या जातकुळीतला, बरं का. ज्योतिबाला आपण वाहतो त्या दवण्याचाच भाऊ. (मलेरियावरचे औषध तू यूयू या चिनी विदुषीने ज्या झुडपातून काढले आणि त्यासाठी २०१५ साली नोबेल मिळवले, तेही याच कुळातले.) आपल्याकडे खेड्यापाड्यांत पोटदुखीच्या लेकराला तापल्या सळईने डाग देत, बिब्बा घालत. त्या अघोरीपणाशी याची गल्लत करू नये. हा शेक बहुतेक वेळा कातडीपासून अंतर ठेवून देतात.

मूळ कल्पना अशी की, शरीरात 'चि' नावाची प्राणशक्ती ठरावीक वाटांनी फिरते. ती अडली की दुखणे. कातडीचा संबंध ते फुप्फुसाशी लावतात. म्हणून चेहऱ्यावर पुरळ उठले तरी वैद्य नाडी बघतो, जीभ बघतो, झोप आणि पोट विचारतो. नुसत्या पुरळाकडे बघत नाही. 'चि' आणि तिच्या वाटा शरीर फाडून कोणाला दिसलेल्या नाहीत, हेही सांगून टाकतो. पण रोग्याचे सगळे शरीर एक मानून विचारपूस करायची, ही रीत आम्हाला मोलाची वाटते.

आणि कातडीच्या दुखण्याचे म्हणाल तर आपला विनय त्यात मागे नाही. आनंदाचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना खरजेसारखा आजार झाला होता. लस वाहून चीवरे अंगाला चिकटत. भिक्खू पाण्याने भिजवून भिजवून ती सोडवीत. तथागत विहार पाहत फिरत असताना त्यांनी हे बघितले, विचारले, आणि अशा रोग्यांसाठी औषधी चूर्णाची परवानगी दिली. चूर्ण चाळायला चाळणीसुद्धा मंजूर केली. खाज-फोडांवर झाकायला वेगळे वस्त्र दिले. मगधात कुष्ठ, गंड, किलास, शोष आणि अपस्मार असे पाच रोग पसरले तेव्हा लोक जीवकाकडे धावले. पाचांतले पहिले तीन कातडीचेच. जीवक राजाच्या आणि संघाच्या सेवेत अडकलेला. म्हणून लोक नुसते उपचारासाठी प्रव्रज्या घेऊ लागले आणि बरे झाले की चीवर टाकून घरी! अखेर जीवकाच्याच विनंतीवरून अशा रोग्यांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. हा नियम वाचताना आम्हाला बरे वाटत नाही. पण आहे ते आहे, लपवायचे कशाला?

भिक्खू चीनमध्ये गेले तेव्हा त्यांच्याबरोबर ही चूर्णेही गेली. चिनी भाषेत 'त्साओ-तोउ' म्हणजे अंघोळीची डाळ. कडधान्याचे पीठ आणि सुगंधी औषधे, साबणाच्या जागी लावायची. चिनी 'ब्रह्मजाल' सूत्रात भिक्खूने जवळ ठेवायच्या १८ वस्तू सांगितल्या आहेत. त्यांत दातवणाच्या काडीबरोबर ही अंघोळीची डाळ आहे. आपल्या आया डाळीचे पीठ लावून लेकरांना न्हाऊ घालत, तेच की हो! पुढे थांग काळात सुन सि-म्याओ या थोर वैद्याने (मृत्यू ६८२) आपल्या ग्रंथात चेहऱ्याची मलमे, हाताची मलमे आणि ही अंघोळीची पिठे यांचे कितीतरी नुस्खे दिले. त्याची तक्रार अशी होती की, हे नुस्खे वैद्य इतके लपवून ठेवतात की बाप मुलालासुद्धा सांगत नाही. म्हणून त्याने ते उघडे केले. याच वैद्याच्या ग्रंथांत आपला जीवकही भेटतो, जगात औषध नाही असे काही नाही या त्याच्या विचारासकट. तक्षशिलेची परीक्षा तिथवर पोहोचली होती म्हणायची.

लोयांगजवळच्या लुंगमन लेण्यांत एक लेणे 'नुस्ख्यांचे लेणे' म्हणूनच ओळखतात. बुद्धमूर्तीच्या दाराशी दगडात शंभराहून अधिक औषधे कोरून ठेवलेली. ज्याला वाचता येते त्याने वाचावे, फी नाही. आपल्या कान्हेरीला, कार्ल्याला दानाचे लेख आहेत. असा लेख असता तर काय बहार झाली असती!

आता कोणी म्हणेल, मग भारताकडून काहीच गेले नाही काय? गेले ना. मोतीबिंदू सुईने बाजूला सारण्याची शस्त्रक्रिया भारतीय भिक्खूंकडून चीनमध्ये गेली. ७५२ साली वांग ताओ याने संकलित केलेल्या मोठ्या वैद्यकग्रंथात पश्चिमेकडून आलेल्या भिक्खूकडून शिकलेली डोळ्याची विद्या नोंदलेली आहे. म्हणजे एक सुई इकडून गेली, ती डोळ्याची. पाठदुखीची सुई त्यांची त्यांचीच. आणि साक्षीदार कोण? इत्सिंग. हा ६७१ साली निघाला, नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिला, इथले वैद्यक त्याने स्वतः अभ्यासले. त्याने स्पष्ट लिहून ठेवले आहे की, सुई, शेक आणि नाडीपरीक्षा यांत जंबुद्वीपातला कोणताही देश चीनच्या पुढे नाही. नालंदेत ही विद्या असती तर या प्रामाणिक भिक्खूने ती सांगितली नसती काय?

सुया आपल्या देशात आल्या त्या फार अलीकडे, आणि त्यात महाराष्ट्राचा संबंध आहे. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबईहून 'राजपुताना' बोटीने निघाले. प्रमुख डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि बंगालचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी. कोटणीस परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते तिकडेच गेले. त्यांच्यावरचा शांतारामबापूंचा चित्रपट आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेला. पण इथेही एक गैरसमज आहे. कोटणिसांच्या नावाने सुईचे दवाखाने निघाले म्हणून लोक समजतात की ते सुया टोचत. ते शल्यचिकित्सक होते, आघाडीवर जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत. सुई आणली ती त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांनी. १९५८-५९ च्या सुमारास ते पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि कलकत्त्यात तिचा दवाखाना चालवला. भारत सरकारने २००३ साली या उपचाराला मान्यता दिली. महाराष्ट्राने त्यासाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम केला.

खुद्द चीनमध्येही या विद्येचे दिवस सारखे नव्हते. १८२२ साली बादशहाने राजवैद्यकीय महाविद्यालयातून ती काढून टाकली. १९२९ साली सगळे चिनी वैद्यकच बंद करण्याचा प्रस्ताव आला, वैद्यांनी जोराचा विरोध करून तो हाणून पाडला. १९४९ नंतर सरकारनेच हात दिला.

गुण येतो का? जुनाट पाठ-गुडघेदुखी आणि कर्करोगाच्या औषधांनी होणारी मळमळ यांत थोडाबहुत आराम पडतो असे चाचण्यांत दिसते. मात्र खोट्या सुया टोचल्या तरी बऱ्याच जणांना बरे वाटते, हेही त्याच चाचण्या सांगतात. कातडीच्या रोगांबाबत पुरावा त्याहून कच्चा. १९९२ साली लंडनमध्ये इसबावर चिनी काढ्याने चांगला गुण आल्याचे प्रसिद्ध झाले, पण पुढे हाँगकाँगच्या चाचणीत तो तसा दिसला नाही.

हे सगळे शोधायला आम्ही बसलो त्याच महिन्यात वस्तीतली एक मुलगी तोंड झाकून विहारात आली. लग्न ठरत होते, रंग उजळायला म्हणून कोणीतरी दिलेली 'चिनी जडीबुटीची' ट्यूब तिने चार महिने लावली होती. आधी चेहरा तुकतुकीत झाला. सोडल्यावर लालभडक, पुरळ, आग. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले, यात स्टेरॉइड असणार. १९९९ साली लंडनमध्ये अशीच ११ चिनी मलमे तपासली होती. त्यांतल्या आठांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघाले. सुन सि-म्याओ नुस्खे उघडे करीत होता आणि हे नळीवर काय आहे तेही छापत नाहीत! मुलीला बरे व्हायला बरेच महिने लागले. आता ती ठीक आहे.

विहाराच्या पुढच्या आरोग्य शिबिरात सुईचा उपचार ठेवायचा असे मंडळाने ठरवले आहे. आमची अट दोनच गोष्टींची आहे : करणारा नोंदणीकृत असावा आणि प्रत्येकाला नवी, बंद पाकिटातली सुई असावी. कातडीची मलमे शिबिरात कोणी विकणार नाही.

मागच्या स्मरणिकेच्या ज्या प्रती ग्रंथालयात उरल्या होत्या, त्यांतल्या त्या पानावर आम्ही दुरुस्तीची चिठ्ठी डकवली आहे. ज्यांच्या घरी प्रत असेल त्यांनी रविवारी येऊन चिठ्ठी घेऊन जावी. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीनेच त्या सगळ्या हाताने लिहिल्या आहेत.