फितीवरचा कंठ आणि त्याची निगा

बीड जिल्ह्यातील कपिलधार हे मन्मथस्वामींच्या समाधीचे स्थान. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेस दिंड्या तेथे येतात, स्वामींचे अभंग गायिले जातात. अभंगाचे शब्द पोथीत टिकतात. चाल मात्र एका कंठातून दुसऱ्या कंठात जाते. ज्यांच्या शब्दांनाही पोथी लाभली नाही, त्या जात्यावर गाणाऱ्या स्त्रियांचे काय?

या प्रश्नाचे एक उत्तर याच जिल्ह्यातील माजलगावात मिळते. पुण्याचे गी पॉइटवँ आणि हेमा राइरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९०च्या दशकाच्या मध्यास बर्नार्ड बेल या कार्यात आले आणि लिहून घेतलेल्या ओव्यांना आवाजाची जोड मिळाली. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या मुद्रित झाल्या. त्या ‘पारी’ या संग्रहाने २०१७ पासून सर्वांस ऐकावयास खुल्या केल्या.

तेथे जाणकार माणसे होती, चांगली यंत्रे होती. आपल्या घरांतील आजी-आजोबांचा आवाज मात्र बहुधा साध्या कॅसेटवर आहे. चुंबकीय फितीची कल्पना जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी १९२८ मध्ये साकारली. १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात फितीचे यंत्र लोकांपुढे आले. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली आणि ध्वनिमुद्रण घरोघरी पोहोचले. या कॅसेटची फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद; सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर एवढीच ती सरकते. एवढ्याशा जागेत आवाज साठवावयाचा, म्हणून यंत्राची निगा राखणे अगत्याचे ठरते.

फितीवर लोहाच्या ऑक्साइडचा लेप असतो. त्यातील कणांचे चुंबकत्व म्हणजेच आपला आवाज. ही फीत टेपरेकॉर्डरच्या हेडवरून, पोलादी दांड्यांवरून सतत घासत जाते. कालांतराने या भागांत थोडेसे चुंबकत्व मुरते. मग प्रत्येक वेळी कॅसेट लावली की बारीक, उंच स्वर किंचित पुसले जातात आणि खरखर वाढते. हानी इतकी सावकाश होते की घरच्यांच्या ध्यानातही येत नाही; आणि पुसलेला स्वर पुन्हा मिळत नाही.

उपाय फारसा खर्चिक नाही. घरच्या विजेवर चालणारे, आत तारेचे वेटोळे असलेले डीमॅग्नेटायझर यासाठी वापरीत. टेपरेकॉर्डर बंद ठेवावा, कॅसेटी दूर न्याव्यात. उपकरण हातभर अंतरावर सुरू करावे, हळूहळू हेडजवळ आणावे, तितक्याच सावकाश मागे न्यावे आणि दूर गेल्यावरच बंद करावे. हेडजवळ असतानाच ते बंद केले, तर चुंबकत्व जाण्याऐवजी वाढण्याचा धोका असतो. दूर नेताना उलटसुलट होणारे क्षेत्र क्रमाक्रमाने क्षीण होत शून्यावर येते, हेच त्यातील मर्म. हेडवरील मळ कापसाच्या बोळ्याने व शुद्ध स्पिरिटने पुसावा. रबरी चाकाला मात्र स्पिरिट लावू नये, रबर तडकते.

टेपरेकॉर्डर आता अडगळीत गेले, ते दुरुस्त करणारेही विरळा झाले. म्हणून आमची वाचकांस विनंती आहे, की जुनी कॅसेट सहज ऐकण्याच्या मोहाने कोणत्याही यंत्रात घालू नये. आधी यंत्र स्वच्छ व चुंबकत्वरहित करावे, आणि त्याच वेळी आवाज संगणकात उतरवून घ्यावा. तसेच गाणारीचे नाव, गाव आणि साल कागदावर लिहून ठेवावे. ओव्यांच्या संग्राहकांनी ही नोंद ठेवली, म्हणून माजलगावच्या त्या स्त्रिया आज नावानिशी ओळखल्या जातात. फितीवर आवाज उमटतो. तो कोणाचा, हे सांगणारी माणसे हयात आहेत तोवरच विचारून घेतले पाहिजे.