दप्तर आधी की माणूस?

आपत्तीचा इतिहास लिहिताना आपण पावसाचे आकडे आणि मृतांची संख्या नोंदवतो. कचेरीतले दप्तर, तिजोरी आणि ती सांभाळणारी माणसे यांचे काय झाले, ही नोंद मात्र क्वचितच सापडते.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. एस.टी. आगारात पाणी चढू लागले, तेव्हा सुमारे ९ लाख रुपये तेथेच होते. आगारप्रमुख ती रक्कम घेऊन सहकाऱ्यांसह बसच्या टपावर चढले आणि सुमारे ९ तास तेथे बसून राहिले. रक्कम वाचली, माणसेही वाचली. या निष्ठेचे कौतुक झाले, ते योग्यच. पण जुलै २००५ मध्येही हेच शहर बुडाले होते. मग काय, कोठे हलवायचे आणि कर्मचाऱ्यांनी केव्हा निघायचे, हे आधीच ठरवता आले नसते काय?

ठरवायला वेळ हवा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून बांध धरून ठेवला, म्हणून तो सकाळी फुटला. पुण्याला मौल्यवान तास मिळाले. पण नागरिकांना पुरेशी सूचनाच मिळाली नाही. मिळालेला वेळ सांगितला गेला नाही, तर तो वाया जातो.

कागदाचेही एक वेळापत्रक असते. भिजलेल्या कागदावर साधारण दोन दिवसांत बुरशी धरू लागते. जुन्या दप्तरांतील शाईची काजळी पाण्यात विरघळत नाही. डिंक सुटला तर अक्षर पुसट होते, इतकेच. फाउंटन पेनाची रंगीत शाई मात्र पसरते.

आम्ही हे फैजपूरच्या वाचकांना का सांगतो? तुमच्या दक्षिणेकडून वाहणाऱ्या तापीनेच ऑगस्ट २००६ मध्ये सुरत बुडवली. तेथे खानदेशातील असंख्य माणसे मजुरी करतात. हजेरीपट भिजला, तर मजुराच्या घामाचा पुरावाच जातो. शाळेचे जनरल रजिस्टर गेले, तर विद्यार्थ्याच्या जन्मतारखेचा आधार जातो.

म्हणून विद्यार्थ्यांसह एक काम करावे. महत्त्वाची दप्तरे कोणत्या उंचीवर आहेत, ते मोजावे. त्यांची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी. आणि नियम लिहून भिंतीवर लावावा : धोक्याची घंटा झाली की हातातले सोडून आधी माणसांनी बाहेर पडायचे. दुसरी प्रत सुरक्षित असेल, तरच हा नियम पाळणे कोणालाही सोपे जाईल.